रुग्णालयातून घरी परतल्यानंतर : सुरक्षितता आराखडा आणि शासनाचे कर्तव्य



मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ परीक्षेच्या टिपणांत बहुधा एका ओळीत आटोपलेले असते : आत्महत्येचा प्रयत्न आता दंडनीय नाही. ही ओळ अर्धीच आहे. पोटकलम (१) नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा करता येत नाही. पोटकलम (२) मात्र शासनावर कर्तव्य सोपवते. काळजी, उपचार व पुनर्वसन यांद्वारे तसा प्रयत्न पुन्हा होण्याचा धोका कमी करणे, हे ते कर्तव्य. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. लोकसेवकाला भाग पाडण्यासाठी वा रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे. शिक्षा गेली, परंतु कर्तव्याची पूर्तता कितपत झाली, हा खरा प्रश्न आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. प्रत्येक मृत्यूमागे २० हून अधिक प्रयत्न होतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ अंदाज आपल्याकडे लावला तर वर्षाला ३४ लाखांहून अधिक प्रयत्न होतात. यांपैकी अनेकांची नोंद 'चुकून औषध घेतले' अशी होते, कारण कायदा बदलला तरी पोलिसांची आणि लोकापवादाची भीती घराघरांत कायम आहे. शरीरावरील उपचार पूर्ण होतात, रुग्णाला घरी पाठवले जाते आणि प्रकरण मिटते. प्रत्यक्षात घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडेच सर्वाधिक जोखमीचे असतात.

या काळासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राऊन यांनी सुरक्षितता आराखडा विकसित केला. त्याला एक कागद पुरतो. आपली मनःस्थिती ढासळू लागल्याच्या खुणा कोणत्या. त्या वेळी स्वतःला काय करता येईल. कोणाच्या सहवासात वा कोठे गेल्याने मन वळते. मदत कोणाकडे मागता येईल. कोणत्या डॉक्टरांशी वा सेवेशी संपर्क साधायचा. आणि घरातील धोकादायक वस्तू दूर कशा ठेवायच्या, हे सर्व त्यात येते. तो रुग्णाने समुपदेशकासोबत बसून स्वतःच्या शब्दांत तयार करावयाचा असतो. 'पुन्हा असे करणार नाही' असे वचन लिहून घेणे म्हणजे आराखडा नव्हे. वचनाने भोवतालच्या लोकांचे समाधान होते, एवढेच. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आराखडा व त्यानंतरचे दूरध्वनी मिळालेल्या रुग्णांमध्ये सहा महिन्यांत आत्मघातकी वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले.

हा कागद भारतात जसाच्या तसा चालणार नाही. सर्वांना लिहिता येत नाही, आणि घरात फोन एकच असेल तर तो बहुधा दुसऱ्याच्या हाती असतो. त्याहून नाजूक बाब अशी की, २०२२ च्या आकडेवारीत कौटुंबिक समस्या हे सर्वांत मोठे कारण असून त्याचा वाटा ३१.७ टक्के आहे. म्हणजे आपण ज्या नातेवाइकाच्या हाती सहजपणे आराखडा देऊ, तोच कित्येकदा दुःखाच्या मुळाशी असू शकतो. सासरी कोंडमारा होणाऱ्या विवाहितेच्या कागदावर पतीचे नाव लिहावे की मैत्रिणीचे, हे तिनेच ठरवले पाहिजे. याच कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो. तो घरचाच असावा असे बंधन नाही. या तरतुदीचा पुरेसा उपयोग करून घेण्याची गरज आहे.

खर्चाचा विचार केला तर चित्र अधिक स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह ब्राझील, श्रीलंका, इराण व चीनमधील केंद्रांत केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,८६७ रुग्ण होते. एका गटाला नेहमीच्या उपचारांखेरीज घरी जाण्यापूर्वी सुमारे एक तासाचे मार्गदर्शन आणि पुढील १८ महिन्यांत फोनद्वारे वा भेटीने नऊ वेळा संपर्क, एवढेच देण्यात आले. त्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू ०.२ टक्के होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ते २.२ टक्के होते. यासाठी महागडी औषधे नकोत, यंत्रसामग्री नको. प्रशिक्षित माणूस आणि त्याचा वेळ हवा. एक लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ न येणाऱ्या देशात हे काम परिचारिका, समुपदेशक व समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडेच सोपवावे लागेल.

नोव्हेंबर २०२२ मधील राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंत १० टक्के घट करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे. आराखड्याच्या कागदावर हा क्रमांक अवश्य असावा. मात्र खचलेली व्यक्ती स्वतःहून फोन करील, या गृहीतकावर सर्व काही सोडता येत नाही. चेन्नईच्या अनुभवात फोन दुसऱ्या बाजूने जात होता. तो कोणी करावयाचा, पहिल्या आठवड्यात की चौथ्या, आणि त्या वेळेचे मानधन कोणत्या शीर्षाखाली पडावयाचे, हे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या वार्षिक आराखड्यातच लिहिले गेले पाहिजे.