परवाना आणि प्रांताची वेस

शिवडीच्या बंदर-इलाख्यात, गोदामांच्या आणि तेलाच्या टाक्यांच्या आसपास उभ्या असणाऱ्या मालमोटारींच्या चालकांत परप्रांतीयांचाही भरणा असतो. आणि मुलखात निलंबित झालेला परवाना ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून नव्याने काढावा, असा विचार त्यांपैकी एखाद्याच्या मनात डोकावला, तर त्यात फारसे नवल नाही. परंतु १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने ज्या परवान्यास अखिल भारतात ग्राह्य ठरविले, त्याच्यावरील बंदीसही प्रांताच्या वेशीवर थबकू दिलेले नाही. अपात्रतेचा हुकूम झाला, की कलम २३ अन्वये त्या मुदतीत परवाना बाळगण्यास तसाच नवा मिळविण्यासही मज्जाव होतो. पूर्वी प्रत्येक कचेरीचे दफ्तर निराळे, त्यामुळे लबाडी खपून जाई; ‘सारथी’ या सामाईक संगणकीय नोंदवहीपुढे ती आता सहसा टिकत नाही. शिवाय अपात्र असताना केलेला नुसता अर्जही कलम १८२ खाली गुन्हा असून, त्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परवाना अधिकाऱ्याचा हुकूम अन्यायाचा वाटल्यास तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. मात्र ते मुंबईत नव्हे, हुकूम जेथे झाला त्या राज्यात.