आवाज जाडा आहे म्हणून…



आज संध्याकाळच्या समूहगीतासाठी ग्रुपवर नावं मागवली, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणींनी लिहिलं, "मी टाळ्या वाजवते, माझा आवाज जाडा आहे." त्यामुळे सॉफ्टवेअर सोडून आज आवाजावर बोलते. माझं गाणं बेताचंच, पण कंपनसंख्या हा इंजिनिअरच्या हक्काचा विषय आहे!

आपल्याकडे गायिका साधारण काळी चार ते काळी पाच या पट्टीत गातात. काळी पाचचा सा म्हणजे सेकंदाला सुमारे २३३ कंपनं. पुरुष बहुधा काळी एक, पांढरी दोनच्या आसपास, म्हणजे १४०-१४७. ही झाली सर्वसाधारण रीत. गळा काही रीत बघून घडत नाही. कुणाच्या स्वरतंतूंची लांबी-जाडी जास्त, कुणाची कमी.

पाश्चात्त्य संगीतात स्त्रियांच्या आवाजाचे तीन मुख्य प्रकार मानतात: उंच तो सोप्रानो, मधला मेझो-सोप्रानो आणि खालचा कॉन्ट्राल्टो. केवळ किती वर जाता येतं यावर ते ठरत नाही. आवाज कुठे न थकता रमतो आणि त्याचा रंग कसा आहे, हेही बघतात. गोव्यात चर्चच्या गायनवृंदात खालच्या आवाजाच्या बायकांना आल्टोची वेगळी ओळच असते. आपलं समूहगीत मात्र सगळ्यांनी एकाच सुरात म्हणायचं. पेटी उंच लागली की खालचे आवाज आपोआप गळतात आणि ती मुलगी समजते, आपल्याला गाणंच येत नाही.

त्यात वयाची भर. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, त्यांना हसतात पण सांभाळूनही घेतात. त्याच वयात मुलींचाही आवाज खाली येतो, साधारण सापासून गपर्यंतच्या अंतराएवढा. हे मुलींना सहसा कुणी सांगत नाही. पाचवीत सहज लागणारा तार षड्ज नववीत चिरकला की "आवाज बिघडला" म्हणून मोकळे! आता रजोनिवृत्तीच्या सुमारास तो आणखी उतरतो, हेही आजच सांगून ठेवते.

गंगूबाई हनगल यांच्या तरुणपणीच्या ध्वनिमुद्रिका मिळाल्या तर जरूर ऐका. 'गांधारी' नावाने निघालेल्या त्या मुद्रिकांत आवाज बारीक, उंच आहे. पुढे घशाच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज पुरुषी वाटावा इतका खाली आला. सवाई गंधर्वांच्या या शिष्येने आपला सा खाली आणला आणि त्याच भरदार आवाजात किराणा घराण्याची गायकी अनेक दशकं गायली. २००२ साली पद्मविभूषण मिळालं ते याच आवाजाला. लताबाईंचा आवाज स्वर्गीयच, पण तो सगळ्या बायकांचं माप झाला, हे मला कधीच पटलेलं नाही.

आपली पट्टी घरी काढता येते. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप असतंच. गळा न दाबता जो सर्वात खालचा स्वर स्पष्ट लागतो, त्याला मंद्र पंचम धरा आणि तिथून आपला सा मोजा. मग वर तार मध्यमापर्यंत न किंचाळता जाता आलं की झालं. नाही जमलं, तर सा एखादी पट्टी इकडेतिकडे सरकवा. दोन-तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी करा. सकाळी उठल्याउठल्या सगळ्यांचाच आवाज खाली असतो.

आजच्या गाण्याला पेटी काळी पाचवर ठरली होती. पेटीवाल्या मित्राशी बोलून ती पांढरी पाचवर आणली आहे, तीन पट्ट्या खाली. उंच आवाजाच्या मैत्रिणींनी थोडं सोसावं, शेवटच्या कडव्यात त्यांना वरचा सा लांबवायला मोकळीक आहे. चार वाजता मागच्या हॉलमध्ये एकदा म्हणून बघू. टाळ्यांना माणसं नकोत, तबला आहे.