छातीवरचं निर्वाण



ओळख करून देताना भाऊ मला 'कवी' म्हणाले. कवी मी रात्रीचा. दिवसा मुंबईच्या गोदीत पाठीवर माल वाहतो. शिक्षण मॅट्रिक, इंग्रजी डिक्शनरीपुरतं. तरी आज विलायती गाण्यावर बोलणार आहे.

काल चिखलीच्या बाजारात एका पोराच्या छातीवर 'निर्वाणा' वाचलं. विचारलं, काय रे हे? म्हणाला, "आपल्या बुद्धाचंच असंन ना भाऊ. दीडशेले भेटलं."

बुद्धाचं नाही. अमेरिकेतल्या तीन गोऱ्या पोरांचा बँड. शब्द आपला, उचलला त्यांनी. म्हणून मी ऐकायला बसलो ते भांडायच्या तयारीनंच.

गाणारा कर्ट कोबेन. ॲबरडीन नावाच्या लाकूडतोड्यांच्या बंदरगावचा. बाप मेकॅनिक, पोरानं स्वतः झाडलोटीची नोकरी केलेली. लगेच त्याला आपला म्हणू नका. तो झाडू टाकून निघाला तेव्हा झाडू त्याच्या मागं आला नाही.

पहिला अल्बम 'ब्लीच', १९८९चा, सहाशे डॉलरांत उरकलेला. दुसरा 'नेव्हरमाइंड', सप्टेंबर १९९१, बड्या कंपनीचा. जानेवारी १९९२मध्ये त्यानं मायकल जॅक्सनला पहिल्या नंबरावरून खाली खेचलं.

पहिल्या वेळी भूक बोलते. दुसऱ्या वेळी दारात बाजार उभा असतो. ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२चा. गाजला. त्यानंतर १९७५ला त्यांनी दिलं 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले'. नावच माओच्या गोष्टीतलं! बाजाराला गोड लागावं म्हणून कुणी असं नाव ठेवत नाही. 'नेव्हरमाइंड' मात्र गोड लागतो. राग आहे, पण धुऊन इस्त्री केलेला. फार चकचकीत झालाय, अशी तक्रार कोबेननंच पुढं केली. मला ती पटते.

चाल मात्र जबरदस्त. कडवं दबक्या आवाजात, मग एकदम भडका. जलशात शाहीर एकटा हळू सांगत येतो आणि मागचे झिलकरी उसळतात, तसं. ही रीत पिक्सीज नावाच्या बँडकडून घेतली, हे त्यानं उघड कबूल केलं. आपल्या शाहिरांच्या चाली उचलून सिनेमावाले मोठे झाले, त्यातले किती जण कबूल करतात?

आता दोन गाणी. 'पॉली'. १९८७ला एका चौदा वर्षांच्या पोरीला पळवून बलात्कार झाला, त्यावरचं. गातो तो बलात्कारीच, थंडपणे, साध्या गिटारवर. अंगावर काटा येतो. पुढं दोन पुरुषांनी हेच गाणं म्हणत एका बाईवर बलात्कार केला. कोबेननं १९९२च्या रेकॉर्डच्या कव्हरवर ते लिहिलं. आणि बायकांचा, काळ्यांचा, समलिंगींचा द्वेष करणाऱ्यांनी आमच्या कार्यक्रमाला येऊ नये, असंही. किती कलावंत आपल्याच गिऱ्हाइकाला हाकलतात? इथं आपल्या पोरांनीही स्वतःला विचारावं. मोर्चात पुढं, आणि घरी बहिणीवर हात.

दुसरं 'इन ब्लूम'. गाणं आवडतं, सोबत म्हणतो, पण अर्थ ठाऊक नाही, अशा चाहत्यावरचं. आणि तेच गाणं लाखो लोक अर्थ न कळता म्हणत राहिले.

हसू नका. गेल्या १४ एप्रिलला गावी डीजेवर वामनदादा कर्डकांचं गाणं होतं. मी दोन तास नाचलो. घरी आलो तर आई म्हणे, "कोनतं गानं लावलं व्हतं रे?"

मला नुसता ठोका आठवत होता. चाल गुणगुणलो. आईला लिहिता-वाचता येत नाही. तिनं चुलीपुढं बसून सगळी कडवी म्हणून दाखवली.