वाखाला सोडा किती, वेळ किती

केळीचा घड उतरवला की खोड बांधावर पडतं. आम्ही गटाने त्या खोडाचे सोप सोलून यंत्रावर वाख काढला, साच्यात अंथरला, वर रेझीन ओतलं आणि ट्रे केले. अशा मिश्र वस्तूला कंपोझिट म्हणतात. पहिली खेप दुकानदाराने परत पाठवली. ट्रे वाकवला की वाख रेझीनमधून सुटून बाहेर यायचा. गटाचं कर्ज त्यात अडकलेलं, त्या महिन्याच्या बैठकीत कोणी कोणाकडे बघेना.

दोष रेझीनचा नव्हता. वाखाच्या अंगावर मेण, पेक्टिन, लिग्निन असतं. तेलकट भिंतीवर चुना धरत नाही, तसं रेझीन त्यावर धरत नाही. कॉस्टिक सोड्याने हा थर निघतो, धागा खरखरीत होतो आणि पकड बसते.

आता आम्ही दहा लिटर पाण्याला अर्धा किलो सोडा घेतो. सोडा पाण्यात थोडाथोडा सोडायचा. सोड्यावर पाणी ओतलंत तर ते उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, लेकरं लांब. भांडं प्लास्टिकचं. आमच्या एक मावशी ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊन बसल्या, ते फसफसायला लागलं. त्यातून हायड्रोजन निघतो, तो पेट घेतो. चूल जवळ नव्हती म्हणून बरं.

वाख दोन-तीन तासच भिजवायचा. जास्त सोडा, जास्त ताकद, असं आम्हालाही वाटलं होतं. दुप्पट सोड्यात रात्रभर ठेवलेला वाख सकाळी बोटांनी ओढताच तुटला, कारण सोडा मग धाग्यालाच खातो. नंतर भरपूर पाण्याने धुवायचा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. लाल लिटमस कागद निळा झाला तर अजून धुवा. सोड्याचं पाणी ओढ्यात सोडू नका.

आणि वाळवणं! ओलसर वाखामुळे ट्रेमध्ये पोकळ्या राहतात. पावसाळ्यात आम्ही ट्रे करतच नाही, वाख बांधून कोरड्या खोलीत ठेवतो.

रेझीन बहुधा पेट्रोलियमपासूनच बनतं, म्हणून ट्रेवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं आम्ही लिहीत नाही. दुकानदाराने तसं लिहायला सांगितलं होतं, आम्ही नाही म्हटलं. दुसरी खेप त्याने तरी घेतली. कर्जाचे दोन हप्ते अजून बाकी आहेत.