सात दिवसांचे शिबिर आणि मेळघाटचा पावसाळा

(सेमाडोह येथे राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सिपनेच्या काठी उतरलेल्या पाहुण्याला आधी सागवान दिसते, मग वाघाची वार्ता कानी येते. कोरकूंचे ढाणे त्याच्या दृष्टीस सर्वांत शेवटी पडतात. विद्यापीठाच्या बाबतीतही असेच घडू नये. कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या संत गाडगेबाबांचे नाव ज्याच्या पदवीपत्रावर आहे, त्याच्याकडून मेळघाटची अपेक्षा अधिक असणारच.

अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. त्यापूर्वी वऱ्हाडातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. शेगावचे रवींद्र कोल्हे हे त्या पिढीतील. नागपुरात एम.बी.बी.एस. होऊन ते १९८०च्या दशकात धारणी तालुक्यातील बैरागडला आले. हरिसालपासून पुढची सुमारे ४० किलोमीटरची वाट तेव्हा पायीच तुडवावी लागे. स्फोटात हात गमावलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला, तेव्हा आपले ज्ञान अपुरे असल्याचे त्यांना जाणवले. ते पुन्हा शिकावयास गेले आणि एम.डी. होऊन बैरागडलाच परतले. अपुरेपण ध्यानी आल्यावर गाव सोडून जाणारे अनेक असतात. अधिक शिकून त्याच गावी येणारे विरळा.

नागपुरात स्वतःचा चालता दवाखाना असलेल्या डॉ. स्मिता यांनी त्यांच्याशी विवाह केला, तो महिना ४०० रुपयांत संसार करण्याची अट स्वीकारून. पहिल्या तपासणीची फी २ रुपये, पुढच्या वेळी १ रुपया! त्यांचे पहिले मूल जन्मानंतर गंभीर आजारी पडले. त्याला शहरात हलवावे की गावातील इतर बालकांना मिळतात तेच उपचार द्यावेत, हा प्रश्न उभा राहिला. निर्णय मातेवर होता. तिने बाळाला गावातच ठेवले. या निर्णयाविषयी मतभेद संभवतात. पण गावाने या दांपत्याला आपले मानले ते त्यानंतरच.

औषधाने मूल बरे होई आणि उपासमारीने पुन्हा आजारी पडे. तेव्हा डॉक्टर शेतीकडे वळले. सांगून कोणी ऐकेना, म्हणून स्वतः नांगर धरला. स्वस्त धान्य दुकान, वीज, रस्ता हे सारे त्यांच्या दृष्टीने वैद्यकाचेच विषय ठरले. २०१९ साली उभयतांना पद्मश्री मिळाली.

लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्राद्वारे हाताच्या कौशल्याला बाजारपेठ मिळवून दिली. सुनीलजी २०२१ मध्ये निवर्तले.

आता शिबिरांविषयी. सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते आणि ते बहुधा हिवाळ्यात भरते. त्या वेळी घरात नवे धान्य असते, वाटा कोरड्या असतात. मेळघाटची खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. साठवण संपते, मजुरी थांबते, नाले फुगून वाट अडते आणि अतिसार व न्यूमोनिया लहानग्यांना गाठतात. कोरकू भाषेतील दहा शब्दही न जाणणारा स्वयंसेवक त्या वेळी आईला काय समजावणार? शिबिरातील एखादा खड्डा कमी खणला तरी चालेल, पण ही भाषा कानावर पडलीच पाहिजे.

पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेने १९९७ पासून नेमका पावसाळा निवडला. तिचे स्वयंसेवक तुकड्या-तुकड्यांनी येऊन दुर्गम गावांत मुक्काम करीत, घरोघरी बालके पाहत आणि आजारी मूल दवाखान्यापर्यंत पोहोचवीत. त्यांना त्यासाठी अवघा महाराष्ट्र ओलांडावा लागे. अमरावतीच्या विद्यार्थ्याला परतवाड्याहून घाट चढला की सेमाडोह लागते.