रुळावर उभं राहिलेलं हॉटेल

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी धान्य निवडत. हात चालू द्या. आज आम्ही तुम्हाला रेल्वेच्या एका डब्याची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या बचत गटाच्या आम्ही सहाजणी चटण्या-पापड विकायला मुंबईला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारात बघतो तर काय, रुळाच्या तुकड्यावर एकटाच डबा उभा. इंजिन नाही, शिट्टी नाही. खिडकीतून डोकावलो, तर आत टेबलं मांडून लोक जेवत होते!

आपल्याकडे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ला, बोरीबंदर ते ठाणे. तिला १४ डबे होते. तेव्हापासून किती डबे आले आणि किती भंगारात गेले! डब्याचं आयुष्य ठरलेलं असतं, साधारण २५ वर्षं. मग तो प्रवासी गाडीला जोडत नाहीत. पण त्याचा सांगाडा मजबूत असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये पश्चिम बंगालमधल्या आसनसोल स्टेशनात दोन जुने डबे सजवून तिथे खाण्यापिण्याची सोय केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईतला हा डबा सुरू झाला. १० टेबलं, ४० माणसांची सोय. पुढे नागपूर स्टेशनावरही असंच हॉटेल झालं.

आम्हाला वाटलं, आपणही असं करावं. गावी आल्यावर एकाने सांगितलं, "आगाऊ पैसे द्या, डबा मिळवून देतो." दोघीजणी तर गटाची बचत काढायला तयार झाल्या. पण आमच्या सचिवताई म्हणाल्या, "आधी विचारून येऊ."

विचारल्यावर कळलं ते असं. रेल्वे स्वतः हॉटेल चालवत नाही. ती डबा आणि जागा देते, निविदा काढते. ज्याची बोली चढी, त्याला ठेका. तो दरवर्षी रेल्वेला परवाना शुल्क भरतो. सजावट, कामगार, किराणा, सगळं त्याच्याच अंगावर. गिऱ्हाईक येवो न येवो, शुल्क चुकत नाही. आणि मधल्या माणसाला आगाऊ पैसे देऊन डबा मिळत नाही.

आम्ही हिशेब मांडला. आमचं वर्षभराचं उत्पन्न त्या शुल्कालाही पुरलं नसतं. बचत वाचली. एक ताई मात्र दोन महिने आमच्याशी नीट बोलत नव्हत्या.

मग २०२२ साली रेल्वेची 'एक स्थानक एक उत्पादन' योजना आली. स्थानिक कारागिरांना, बचत गटांना स्टेशनावर थोड्या दिवसांसाठी, कमी शुल्कात विक्रीची जागा. आम्ही अर्ज केला, पाळी आली. शेंगदाण्याची चटणी हातोहात गेली. पापड मात्र गर्दीत फुटले, ते घरी खाल्ले. पुढच्या वेळी पापड डब्यात भरून नेले. त्या रुसलेल्या ताईच गल्ल्यावर बसल्या होत्या.

मैत्रिणींनो, मोठं स्वप्न जरूर बघा. पण पैसे देण्याआधी कचेरीत स्वतः जा, चार प्रश्न विचारा, कागद वाचून घ्या, पावती मागा. एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी जा.

तुमच्या गटाला असा कुणी भेटला असेल, तर आम्हाला जरूर कळवा.