पार्कसाठी ट्विन-टिप स्की : ब्रँडच्या आधी बाइंडिंग बघा

मी डेन्व्हरला आल्यावर स्कीइंगला लागलो. त्याआधी बर्फ म्हणजे फक्त गोळेवाल्याकडचा. त्यामुळे तुम्ही नवीन असाल तर टेन्शन नको.

ट्विन-टिप म्हणजे दोन्ही टोकं वर वळलेली स्की. उडी मारून उलटं, पाठ पुढे करून उतरलात तरी मागचं टोक बर्फात रुतत नाही. १९९८ ला सॅलोमनची टेनएटी आली आणि हा प्रकार गाजला. नाव १०८० अंशांवरून, म्हणजे हवेत तीन पूर्ण गिरक्या!

आता खरेदी. सगळे ब्रँड आणि ग्राफिक्स बघत बसतात. मी म्हणतो, आधी बाइंडिंग कुठे बसवायचं ते ठरवा. बरोबर मध्यावर बसवलं तर गिरकी हलकी लागते, उलटं जाणं सोपं पडतं. पण ताज्या मऊ बर्फात पुढचं टोक बुडू लागतं. आठवड्याला एकच दिवस मिळत असेल आणि अर्धा वेळ साध्या उतारावर जात असेल, तर दोन-तीन सेंटीमीटर मागे घ्या. स्कीला भोकं पाडायची असतात राव, इथे अनडू नाही. जुनी बुजवता येतात, पण नवी त्यांना अगदी खेटून पाडली तर पकड कमजोर होते.

रेलवर घसरायचं असेल तर मऊ स्की, मोठ्या उड्यांना कडक.

दुकानात वजन, उंची, वय आणि लेव्हल विचारतात. तिथे उगाच 'एक्स्पर्ट' सांगू नका. त्यावरच बाइंडिंग किती जोराला सुटणार ते ठरतं. पडल्यावर ते सुटलं नाही, तर पिळवटतो तो गुडघा.